मंजूर, पन निधी नाही

मोठ्या सिस्टरना देवाकडून सगळ्यात आधी एक शक्ती पाहिजे होती. लघवी धरून ठेवायची. हे त्या कोणासमोरही सांगत, डॉक्टरांसमोरसुद्धा. डॉक्टर बिचारे खाली मान घालून केसपेपर वाचायचे.

"आमच्या आज्या-पणज्यानं तलाव बांधले," त्या म्हणायच्या. "अख्ख्या गावाले पानी पुरवलं, उन्हाळाभर थेंब वाया जाऊ नाही दिला. आन त्याइच्या नातीले ड्युटी संपंवरी धरून ठेवता येत नाही. लाजेची गोष्ट आहे."

त्या नवेगाव बांधकडच्या, कोहळी घरातल्या. तलाव बांधणाऱ्यांची जात, त्यामुळे ही तक्रार त्यांना फारच मनाला लागलेली असायची. आणि तक्रार खोटी नव्हती. नर्सला बाथरूमला जायला वेळ मिळत नाही, हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. तुम्ही दाराशी पोचलात की मागून हाक येतेच, सिस्टर, सलाईन संपली. इतका वेळ ती सलाईन कुठे झोपली होती कोण जाणे.

मी त्यांच्या हाताखाली लागले ते दोन हजार सात-आठच्या सुमाराला. गोंदिया जिल्ह्यातलंच एक तालुक्याचं सरकारी रुग्णालय. मी नवी, कंत्राटी, पोवाराची पोरगी. आमच्या घरात धान पिकवणं सोडून कोणी दुसरं काही केलेलं नव्हतं. मुलगी नर्स झाली म्हणून बाबूजींचा जीव अर्धा अभिमानाने भरलेला आणि अर्धा शरमेने. सोयऱ्यांत ते सांगायचे, "पोरगी दवाखान्यात आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं आजारी आहे.

मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या इन्चार्ज. अंगाने आडव्या, आवाजाने उभ्या. कापडी चपलेत चालायच्या, त्यामुळे मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. वॉर्डातली विजेची बेल त्यांनी कधीच वापरू दिली नाही. प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधून ठेवलेली. नवीन डॉक्टर आले की पहिल्या राउंडला विचारायचे, हे काय आहे. त्या सांगायच्या, "साहेब, तुमची बेल लाईट गेली की मरते. बैलाची मरत नाही." आणि आमच्याकडे तेव्हा लाईट असायची कमी आणि जायची जास्त. घंट्या राहिल्या. त्यांच्या वॉर्डात शिरलं की गावाकडच्या गोठ्यात आल्यासारखं वाटायचं.

त्यांची एक रीत होती. ड्युटी बदलताना एकीने दुसरीला सगळं सांगायचं, कोणाला कोणतं इंजेक्शन, कोणाची लघवी किती, कोण उपाशी ठेवायचा. ते संपलं की जाणारीने देवाकडे एक शक्ती मागायची. मागितल्याशिवाय घरी जायचं नाही. "सांग, आज काय मांगतेस?" असं त्या विचारायच्या, आणि तुम्ही मागितलं की त्या निकाल द्यायच्या, मंजूर किंवा नामंजूर. मंजूर झालं तरी पुढे एक वाक्य ठरलेलं: "मंजूर, पन निधी नाही." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं माणूस देवाच्या दारातही दुसरी अपेक्षा ठेवत नाही.

पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत म्हटलं, "डॉक्टरांचं अक्षर वाचता यावं."

"नामंजूर. ते त्याइलेच वाचता येत नाही, तुले कायची शक्ती देऊ."

हळूहळू मला मजा कळायला लागली. रोवणीच्या दिवसांत बायका धान लावता लावता चिखलाच्या बांधीतून थेट यायच्या, ताप फणफणलेला, हात पाण्याने पांढरे पडलेले आणि गार. शिरा कुठे बुडी मारून बसायच्या ते सापडायचं नाही. त्या दिवसांत मी मागितलं, की हात धरला की शिरेने स्वतः हजेरी द्यावी, मी इथं आहो म्हणून. मंजूर. एका सिस्टरने मागितलं, डबा उघडला की आपण कोणाला दिसू नये. हे तर त्यांनी कागदावर घ्यायच्या आतच मंजूर केलं, कारण त्यांचा स्वतःचा डबा रोज तिसऱ्या घासाला बंद व्हायचा. एकदा त्यांनी स्वतःच मागितलं: पेशंट "ताप आजच आला" म्हणाला की त्याच्या कपाळावर उमटलं पाहिजे, आधी कोणत्या बाबाकडे गेला होता, कोणाचा अंगारा लावला, कोणत्या झोलाछाप डॉक्टराकडून दोन सुया टोचून घेतल्या. "आन शेवटी लिहून आलं पायजे," त्या म्हणाल्या, "आता इथं येऊन मोठ्या सिस्टरले शिव्या देनार आहे."

एकच गोष्ट मागायला बंदी होती. एक दिवस एका सिस्टरच्या हातावर सहा वर्षांची पोरगी गेली, मेंदूत चढलेला मलेरिया. ड्युटी बदलताना ती रडत म्हणाली, मरण थांबवता आलं पाहिजे. मोठ्या सिस्टर मंजूरही म्हणाल्या नाहीत आणि नामंजूरही. "ते खातं आपल्याकडं नाही, माय," एवढंच म्हणाल्या. तिला बाकावर बसवलं, चहा दिला, आणि त्या पोरीला पुसून, केस विंचरून, आईच्या हातात द्यायचं काम स्वतः केलं. ते काम त्या कधीच ज्युनियरला करू देत नसत.

पण त्यांचं सगळ्यात मोठं मागणं होतं नातेवाइकांबद्दल. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. एक टेम्पो येतो. त्यात आत्या असते, मावसभाऊ असतो, शेजारचा असतो, आणि एक असा असतो ज्याला कोणीच ओळखत नाही पण तोच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो. मोठ्या सिस्टरना अशी शक्ती पाहिजे होती की नातेवाईक बारीक करून डबीत भरून ठेवावेत आणि पेशंटला घरी सोडायच्या दिवशी त्याच्यासोबत परत द्यावेत. "झाकनाले भोकं पाडून," असंही त्या म्हणायच्या. माणुसकी होती त्यांच्यात.

ती शक्ती मिळाली नाही म्हणून त्यांनी दुसरी तोड काढली. वॉर्डात जो पाय टाकेल त्याला काम. कोणाचा कोण, कुठून आला, काही विचारायचं नाही. धोतरवाला असो की सुटाबुटातला, हातात बादली नाहीतर सलाईनची बाटली. "डोळ्यानं पाहून कोनी बरा होत नाही. हात लाव," म्हणायच्या. गोंदियाहून कोणी शेठजी आला तर हिंदीत, "देखने का टाइम नहीं है भैया, वो चद्दर पकड़ो." आणि गंमत अशी, की निम्मे लोक पळायचे आणि जे उरायचे ते खरंच कामाचे असायचे. गर्दी आपोआप गाळली जायची.

हे सगळं सांगायचं कारण, याच खोडीपायी माझं लग्न मोडायची वेळ आली होती.

झालं असं की मला तिरोड्याकडचं स्थळ आलं. शेती भरपूर, माणसं चांगली, मुलगा शिक्षक. माझ्याही मनात भरला होता. पण मुलाच्या आईची अट होती, पोरीने नोकरी सोडायची. दुसऱ्यांचं हगणं-मुतणं काढून आलेल्या हाताने आमच्या चुलीपाशी बसायचं नाही, असं त्यांनी निरोपात म्हणे स्पष्ट कळवलं होतं. बाबूजींनी हो म्हणून टाकलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. आमच्याकडे पोरी अशा वेळी बोलत नसत. पण मला नोकरी सोडायची नव्हती. त्या घंट्यांच्या वॉर्डात मी पहिल्यांदा कोणीतरी झाले होते.

त्या दिवशी ड्युटी संपताना मी मागितलं, "सगळ्यांना एकाच वेळी खूश ठेवता यावं."

"नामंजूर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग चष्मा काढला. "हे कामाचं मागनं नोहे. काय झालं?"

मी सांगितलं.

"मंग तू काय म्हनली?"

"काही नाही."

"मंग खुशी कायले मांगतेस? तोंड मांग. ते आधीच देलं आहे, वापरत नाही आहेस."

मी घरी गेले आणि ते तोंड काही उघडलं नाही.

पंधरवड्याने, दिवाळीच्या अलीकडे, धान निसवून लोंब्या धरण्याच्या दिवसांत, मलेरियाने वॉर्ड भरून गेला होता. एका खाटेवर दोन-दोन पेशंट. त्याच दिवशी मुलाकडची मंडळी न कळवता रुग्णालयात आली. पोरगी काय काम करते ते एकदा डोळ्यांनी पाहावं, असा त्यांचा विचार. मुलाची आई, मुलगा आणि मुलाचे मामा. मी तेव्हा लेबर रूममध्ये, एक बाई अडली होती, मला बाहेरचं काही माहीत नाही.

ही तीन माणसं वॉर्डाच्या दारात उभी राहून खाटांकडे टकामका पाहत होती. मोठ्या सिस्टरना एवढं पुरे होतं. मामा खाकरून सांगायला लागले, आम्ही अमक्या गावचे, पण वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या हातात बादली. "हापशीवरून भरून आना. दोन खेपा." मामा म्हणजे गावचे मालगुजारी थाटाचे माणूस, पांढरा सदरा, हातात अंगठ्या. मुलाच्या हातात सलाईनची बाटली, कारण स्टँड संपले होते. "वर धर. खाली नको आनू, रक्त उलटं येते." आणि त्याच्या आईला त्यांनी दंडाला धरून कोपऱ्यातल्या खाटेवर नेलं. तिथे एक म्हातारी होती. सुनेने भरती केलं आणि धान पाहायला निघून गेली, ती आलीच नव्हती. हातात पेजेची वाटी देऊन मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हिले चारा. हळूच. ठसका लागते."

मी लेबर रूममधून बाहेर आले तेव्हा माझ्या हातात रक्ताने भरलेले हातमोजे, आणि समोर माझी होणारी सासू परक्या म्हातारीच्या तोंडात चमच्याने पेज घालत बसलेली. पदराने तिचं तोंड पुसत होती. मुलगा हात वर करून उभा, खांदा दुखला तरी बाटली खाली आणत नव्हता. मामा कुठे दिसले नाहीत. ते पहिल्याच बादलीला रागावून जीपमध्ये जाऊन बसले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूने माझ्याकडे एकदा पाहिलं. वाटी रिकामी केली, हात धुतले आणि गेली.

मोठ्या सिस्टरना मी सांगितलं, ते कोण होते. त्यांनी रिकामी वाटी उचलली. मग म्हणाल्या, "पोट्टा बाटली चांगली धरते."

दुसऱ्या दिवशी बाबूजी स्कूटरवर रुग्णालयात हजर. मामांचा निरोप आला होता, आम्हाला नोकर समजलं, सोयरीक होणार नाही. बाबूजी व्हरांड्यात उभे राहून मोठ्या सिस्टरना वाटेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे का?" आणि त्यांच्या मागे बसून तिरोड्याकडे निघाल्या. साहेबांसमोर कधी वाकली नाही अशी बाई, आणि माफी मागायला चालली होती. मला काय वाटत होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. स्थळ तुटलं तर नोकरी राहत होती, जुळलं तर नोकरी जात होती, आणि मला दोन्ही पाहिजे होतं.

तिथे काय झालं ते बाबूजींनी नंतर सांगितलं, आणि पुढे ते आयुष्यभर सांगत राहिले.

मोठ्या सिस्टरनी गेल्या गेल्या मामांपुढे हात जोडले. "तुमाले पानी भराले लावलं, माझं चुकलं. माफ करा." मामा थोडे सैल झाले. चहा आला. मग मुलाच्या आईने विचारलं, "ती म्हातारी कशी आहे?"

"बरी आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पन तुमी गेल्यापासून कोनाच्या हातचं खात नाही. म्हनते, ती बाई येऊन राहिली का?"

 बाबूजी म्हणायचे, मुलाच्या आईने कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

"तुमी नोकरी सोडाले लावा तिले," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "घर तुमचं, सून तुमची. मी अडवनारी कोन? मी माफी मांग्याले आलो, ते मांगून झालं. फक्त एक सांगा. त्या म्हातारीले चारलं तवा तुमाले कसं वाटलं?"

तिने पदर सारखा केला. मग ती म्हणाली, "बरं वाटलं."

"मंग तिच्याजवळून ते काऊन काढून घेता?"

मामा काहीतरी म्हणायला गेले, तर मुलाची आई म्हणाली, "दादा, तू चहा पे." आणि मोठ्या सिस्टरना म्हणाली, "करू दे. पन घरी आली की आंघोळ करून चुलीपाशी याचं."

"ते तर मी बी करतो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

बाबूजी घरी आले तेव्हा माझ्यावर रागावले. "तुले नोकरी कराची होती तं मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं," मी म्हटलं. बाबूजींसमोर एवढं मी पहिल्यांदाच बोलले. ते थोडे चमकले, मग हसले.

लग्न ठरलं. आता निराळीच पंचाईत. कंत्राटी सिस्टरला लग्नापुरती रजा मिळत नव्हती. चार-दोन दिवस ठीक, त्याच्या वर गेलात तर जागेवर दुसरी घ्यायची, आणि दुसऱ्या दारात उभ्याच होत्या, शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन. ऑफिसातल्या बाबूने मला गोड शब्दांत सांगितलं, "लगीन करा ना मॅडम, जागेचं आमी पाहू." ज्या नोकरीसाठी एवढं रामायण झालं ती हळदीच्या दिवशीच जाणार होती.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तू जा. जागा खाली राहनार नाही."

लग्न गावाला झालं. सगळा स्टाफ पाळीपाळीने येऊन जेवून गेला. मोठ्या सिस्टर आल्या नाहीत. मी मांडवात बसून दरवेळी फाटकाकडे पाहत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं लग्न त्यांनी जुळवलं आणि त्याच नाहीत.

परत आले तेव्हा कळलं, की त्या आठवड्यात माझी प्रत्येक ड्युटी त्यांनी स्वतः केली होती. स्वतःची करून वर माझी. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. जागा भरलेली दिसत होती, बाबूला दुसरी आणायला कारणच उरलं नाही. मी आभार मानायला गेले. त्यांनी मला बाकावर बसवलं. त्या म्हणाल्या, "जेवनात काय होतं ते सांग. इथं साऱ्या येऊन नुसत्या ढेकर देऊन राहिल्या, सांगत कोनी नाही." मी अगदी सुरुवातीपासून सांगितलं आणि त्यांनी मन लावून ऐकलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मी पक्की झाले, मग इन्चार्ज झाले. माझ्या घरी सून म्हणून मला कधी खाली पाहावं लागलं नाही. सासूबाई तर ओळखीचं कोणी भरती असलं की माझ्यासोबत पेज पाठवायच्या. मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. आजही फोन केला की पहिला प्रश्न, वॉर्डातल्या घंट्या कोणी काढल्या तर नाहीत? नाही काढल्या. माझ्या अंगावरची ही नोकरी, हे घर, घरातला माझा शब्द, हे सगळं मला त्या बाईमुळे मिळालं, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी नीट सांगू शकले नाही. सांगायला लागलं की त्या विषय बदलतात.

पण लग्नानंतरची एक गोष्ट सांगायची राहिली. दीडेक महिन्याने मी डोसाच्या खोलीत, तान्ह्या पोरांना लस द्यायला बसले होते. एक बाई तान्ही पोरगी घेऊन आली. आदिवासी पाड्यावरची होती, लाजत बोलत होती. पोरीचं नाव विचारलं तर तिने माझंच नाव सांगितलं.

मला कौतुक वाटलं. म्हटलं, छान आहे, कोणी ठेवलं?

"मीच ठेवलं," ती म्हणाली. "इथल्या सिस्टरचं नाव आहे. मी लय घाबरली होती, तिनं माझा हात नाही सोडला. पोरगी झाली तवा मी तिले नाव विचारलं. तिनं हेच सांगितलं. त्या सिस्टर आहेत का आज? पोरगी दाखवाची होती."

"या नावाची सिस्टर मीच आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "नाही. तुमी नोहे. त्या म्हाताऱ्या होत्या, जाड्या."

मी पोरीच्या कार्डावरची जन्मतारीख पाहिली. मग तिला आणि पोरीला घेऊन वॉर्डात गेले. मोठ्या सिस्टर एका मावसभावाच्या हातात बादली देत होत्या. त्या बाईला पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि मला पाहून त्या जरा ओशाळल्या. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच.

"नाव माझं काऊन सांगितलं?" मी विचारलं.

"तिनं इचारलं, ड्युटी कोनाची," त्या म्हणाल्या. "ड्युटी तुझी होती. मंग नाव कोनाचं सांगू?"

मी पोरगी हातात घेतली. ज्या दिवशी गावाला माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, त्या दिवशी ती जन्मली होती, आणि ती माझ्या ड्युटीत जन्मली होती.